किल्लीविना मालक

बाबांचा टॅबलेट सात वर्षांचा झाला तेव्हा त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. काच धड होती, बॅटरी दिवसभर पुरत होती आणि दोन बोटांनी अक्षरं मोठी करून वाचायची सवय बाबांच्या हाताला पक्की झाली होती. एके सकाळी वाचनाचं अ‍ॅप उघडेना. ‘या उपकरणावर हे अ‍ॅप आता चालणार नाही, प्रणाली अपडेट करा’ असा निरोप आला. अपडेट द्यायचं तर कंपनीने चार वर्षांपूर्वीच बंद केलं होतं.

मी टॅबलेट घेऊन बसले. आवाजाचं आणि चालू-बंदचं बटण एकदम दाबून धरायचं, काळ्या पडद्यावर बारीक पांढरी अक्षरं उमटली की कंप्युटरला जोडायचं, कंपनीकडून मागवलेला लांबलचक कोड द्यायचा. बूटलोडर, म्हणजे यंत्र चालू होताना प्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक झाला, आतला सगळा डेटा पुसला गेला (तो मी आधीच उतरवून घेतला होता), आणि स्वयंसेवकांनी तयार केलेली नवी अँड्रॉइड प्रणाली त्यावर चढली. तासाभराचं काम. वाचनाचं अ‍ॅप पहिल्यासारखं सुरू झालं.

दोन गोष्टी मात्र बदलल्या. टॅबलेट चालू करताना दरवेळी इशारा येऊ लागला की या उपकरणाचा भरवसा देता येत नाही. आणि संध्याकाळी बाबांनी सिनेमा लावला तर चित्र धुरकट. ‘नंबर वाढला वाटतं माझा,’ म्हणत त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला.

नंबर वाढला नव्हता. व्हिडिओ सेवा आपला माल गूगलच्या ‘वाइडवाइन’ या कुलूपव्यवस्थेतून पाठवतात. तिच्या पातळ्या असतात. एल-१ म्हणजे चित्र उलगडण्याचं काम चिपच्या बंदिस्त कप्प्यात, मालकाच्या नजरेआड चालतं. एल-३ म्हणजे तसा कप्पा नाही किंवा त्यावर विश्वास नाही. बूटलोडर उघडला की अनेक उपकरणं एल-१ वरून एल-३ वर घसरतात, आणि एल-३ ला मोठ्या सेवा सहसा स्पष्ट चित्र देत नाहीत. वर्गणी तीच, पडदा तोच, सिनेमा तोच. बदललं एवढंच होतं की त्या यंत्रात काय चालावं हे आता बाबा ठरवू शकत होते.

आयफोनवर याला जेलब्रेक म्हणतात. अँड्रॉइडवर बूटलोडर अनलॉक करणं आणि फोन रूट करणं हे शब्द चालतात. तपशिलात फरक आहे, पण मुद्दा एकच: ज्याने पैसे मोजले त्याला यंत्राच्या तळापर्यंत जायची मुभा आहे की नाही? माझं म्हणणं असं, की ही किल्ली मागणाऱ्या मालकाला ती कायदेशीर आणि सुरक्षित मार्गाने मिळायलाच हवी. आज ती सहसा मिळत नाही याला सुरक्षिततेचं कारण दिलं जातं. खरं कारण बरंचसं डीआरएम, म्हणजे डिजिटल मालावरची कुलपं, आणि त्या कुलपांच्या आडोशाने चालणारा धंदा हे आहे.

आयफोन सुरू होतो तेव्हा सगळ्यात आधी जागा होतो तो चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम, बूटरॉम. त्याच्याजवळ अ‍ॅपलची सार्वजनिक किल्ली असते. तिच्या आधारे तो पुढच्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, असं करत पाळी कर्नेलपर्यंत, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यापर्यंत, येते आणि कर्नेल मग प्रत्येक अ‍ॅपची सही तपासतो. एक सही जुळली नाही की गाडी तिथेच थांबते. ही साखळी मुळात चांगली आहे, ती नसती तर कोणीही येऊन फोनमध्ये काहीही घुसवलं असतं. माझी तक्रार सही तपासण्याबद्दल नाहीच. तक्रार ही की त्या यादीत मालकाची सही कुठेच नाही.

जेलब्रेक करणारे या साखळीतला कच्चा दुवा शोधतात आणि सही तपासणाऱ्यालाच गप्प करतात. पहिला आयफोन जून २००७ मध्ये विक्रीला आला तेव्हा त्यावर बाहेरचं एकही अ‍ॅप चढवायची सोय नव्हती. काही आठवड्यांतच लोकांनी वाट काढली. जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडलं, त्याच्या आधी जे फ्रीमन या प्रोग्रॅमरने ‘सिडिया’ सुरू करून जेलब्रेक केलेल्या फोनांसाठी अ‍ॅप मिळण्याची जागा तयार केली होती. व्हिडिओ चित्रण अ‍ॅपलने २००९ च्या मॉडेलपासून दिलं. जेलब्रेक केलेले जुने फोन त्याच्याही आधी व्हिडिओ घेत होते. म्हणजे ते यंत्र ते काम करू शकत होतं. फक्त परवानगी नव्हती.

आता डीआरएमकडे येते, कारण दोन्हींचं नातं इथेच आहे. गुप्त पत्राची साधी रीत काय? पाठवणारा आणि घेणारा एका बाजूला, मधला चोर दुसऱ्या बाजूला. चोराजवळ किल्ली नसते म्हणून पत्र सुरक्षित. डीआरएममध्ये मात्र ज्याला सिनेमा दाखवायचा त्याच्यापासूनच तो लपवायचा असतो. कुलूपबंद सिनेमा त्याच्या हातात, उघडायची किल्लीही त्याच्याच फोनमध्ये, कारण किल्लीशिवाय चित्र दिसणार कसं? मग हा खेळ चालायचा एकच मार्ग उरतो. फोनने स्वतःच्या मालकाला सांगायचं नाही की किल्ली कुठे ठेवली आहे. म्हणून बंदिस्त कप्पे आले, म्हणून सह्यांची साखळी मालकाविरुद्धही वापरली जाऊ लागली. ज्या फोनवर मालकाची पूर्ण सत्ता आहे त्या फोनवर डीआरएम भक्कम राहूच शकत नाही. जेलब्रेकला इतका विरोध का होतो याचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

कुलूप तोडता येतं हे कुलूप करणाऱ्यांनाही ठाऊक होतं, म्हणून कुलपाच्या पाठीशी कायदा उभा केला गेला. १९९६ च्या जागतिक कॉपीराइट कराराने सदस्य देशांना अशा तांत्रिक उपायांना कायद्याचं संरक्षण द्यायला सांगितलं. अमेरिकेने १९९८ मध्ये ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट’ केला. त्याच्या कलम १२०१ नुसार कॉपीराइट असलेल्या कृतीवरचं कुलूप तोडणं हाच अपराध. तोडून पुढे तुम्ही काही चोरलं का, हा प्रश्न वेगळा. आणि फोनमधला सॉफ्टवेअर ही कॉपीराइट असलेली कृती असल्याने फोनचं कुलूपही त्यात आलं. दर ३ वर्षांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ग्रंथालयाचा प्रमुख काही अपवाद जाहीर करतो, एवढीच खिडकी ठेवली आहे. फोन कोणाचा, हा प्रश्न एका ग्रंथपालाच्या मेजावर जाऊन पडला तो असा.

२००८ च्या शेवटी डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने जेलब्रेकसाठी अपवाद मागितला आणि अ‍ॅपलने कडाडून विरोध केला. जेलब्रेक झालेल्या फोनने मोबाइल टॉवरसुद्धा बंद पाडता येतील, इथपर्यंत युक्तिवाद गेला. जुलै २०१० मध्ये निकाल लागला आणि जेलब्रेकला सूट मिळाली. त्या निकालातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. जेलब्रेक करताना ८० लाखांहून जास्त बाइटच्या सॉफ्टवेअरमधले ५० पेक्षा कमी बाइट बदलावे लागतात, म्हणजे साधारण १,६०,००० वा भाग. अ‍ॅपलचा आक्षेप कॉपीराइटच्या हितापेक्षा धंद्याच्या हितासाठी आहे, अशा आशयाचं मतही तिथे नोंदवलं गेलं. सरकारी कागदावर हे इतक्या स्वच्छ शब्दांत आलेलं क्वचित दिसतं.

तरी त्या विजयात एक मोठी खोट राहिली, आणि ती अजून तशीच आहे. सूट मिळाली ती कुलूप तोडण्याच्या कृतीला. तोडायचं अवजार तयार करून दुसऱ्याला देण्यावर असलेली बंदी या अपवादांनी हलत नाही. म्हणजे तुमचा फोन तुम्ही उघडा, हरकत नाही, पण उघडायचं साधन तुम्हीच घडवा. सही तपासणारा कर्नेल स्वतःच्या हाताने वाकवू शकणारी माणसं जगात किती असतील? बाकीच्यांच्या हाती हा हक्क कागदापुरता राहतो. त्यात आणखी एक विसंगती: २०१२ मध्ये फोनची सूट कायम ठेवली, पण टॅबलेटची मागणी फेटाळली, कारण टॅबलेट नेमका कशाला म्हणायचं हे स्पष्ट नाही! तीन वर्षं एकच प्रणाली चालवणाऱ्या दोन यंत्रांना पडद्याच्या आकारावरून दोन न्याय लागू होते. २०१५ मध्ये टॅबलेट आत आला.

भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम घातलं, तेव्हा जरा वेगळा रस्ता धरला. तिथे शिक्षा २ वर्षांपर्यंत कैदेची आहे, पण ती कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. हेतू हा शब्द मध्ये आल्याने सगळा तोल बदलतो. कुलूप का उघडलं, हे विचारल्याशिवाय माणसाला अपराधी ठरवायचं नाही, हे तत्त्व मला मोलाचं वाटतं. जिथे नुसतं तोडणंच गुन्हा आहे त्या देशांनी ते उचलावं. अर्थात, कायदा नडत नसला तरी कंपनीने किल्ली दिली असं होत नाही. ते दुखणं वेगळं.

सुरक्षिततेचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आयकी’ नावाचा किडा, म्हणजे एका फोनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, ऑस्ट्रेलियातल्या जेलब्रेक केलेल्या आयफोनांत शिरला. दुरून जोडणीची सोय बसवून मूळचा पासवर्ड, सगळ्या फोनांवर सारखाच असलेला ‘अल्पाइन’, न बदलणाऱ्यांचे फोन त्याने गाठले. त्याने फक्त वॉलपेपर बदललं, पण पुढचा किडा इतका सौम्य असेलच असं नाही. त्याहून गंभीर गोष्ट ऑगस्ट २०१६ मधली. संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या फोनवर एक दुवा आला. त्यांनी तो उघडला नाही, टोरंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाकडे पाठवला. तपासात दिसलं की त्यावर बोट ठेवताच तीन त्रुटी एकापाठोपाठ एक वापरून फोन गुपचूप जेलब्रेक झाला असता आणि ‘पेगासस’ ही हेरगिरीची प्रणाली आत बसली असती. तंत्र तेच, जे एखादा हौशी मुलगा आपल्या फोनचा रंगरूप बदलायला वापरतो.

या घटनेतून पुष्कळ लोक निष्कर्ष काढतात की जेलब्रेक वाईट. मला त्यातून वेगळंच दिसतं. मालक आणि हेर या दोघांना एकाच भगदाडातून आत जावं लागतं, कारण मालकासाठी दरवाजाच ठेवलेला नाही. घराला दार नसेल तर घरमालक भिंतीला पडलेली फट बुजवणार नाही. ती उघडी राहावी असंच त्याला वाटेल, कारण त्याचीही वाट तीच. जेलब्रेकच्या दुनियेत अगदी हेच झालं. नवा अपडेट आला की सुरक्षिततेची दुरुस्ती येते आणि जेलब्रेक जातो, म्हणून लोक मुद्दाम जुन्या, छिद्रं असलेल्या आवृत्तीवर राहत. मालकाचं स्वातंत्र्य आणि मालकाची सुरक्षितता यांची अशी कुस्ती लावून दिली ती किल्ली न देण्याच्या निर्णयाने.

आणि भगदाड शोधणारे सगळे वाईट हेतूचे होते असंही नाही. जुलै २०११ मध्ये ‘जेलब्रेकमी’च्या तिसऱ्या आवृत्तीने नुसतं एक वेबपान उघडून आयफोन, आयपॅड मोकळे केले. त्रुटी पीडीएफमधल्या अक्षरसंचाच्या हाताळणीत होती. ती वापरणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाने सोबतच ती बुजवणारं ठिगळही सिडियावर ठेवलं. काही दिवस अशी स्थिती होती की जेलब्रेक केलेला फोन त्या त्रुटीपुरता सुरक्षित आणि न केलेला फोन उघडा, कारण अ‍ॅपलचा अपडेट नंतर आला. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपलने त्या मुलाला इंटर्न म्हणून बोलावलं. पुढे दिवस पालटले. २०१५ मध्ये ‘झिरोडियम’ या त्रुटींचा व्यापार करणाऱ्या कंपनीने आयफोन दुरून जेलब्रेक करणाऱ्या तंत्राला १० लाख डॉलर देऊ केले. एवढी रक्कम समोर असताना सापडलेली त्रुटी लोकांना फुकट वाटणारा विरळाच. त्रुटी सापडणं थांबलं नाही, त्या उजेडात येणं कमी झालं.

किल्ली दिली की सुरक्षितता संपते, हेही खरं नाही. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांकडे बघा. कंपनीकडून थेट घेतलेल्या पिक्सेलचा बूटलोडर मालकाला उघडता येतो. उघडताना आतला डेटा पूर्ण पुसला जातो, म्हणजे चोराने उघडला तरी त्याच्या हाती तुमचे फोटो लागत नाहीत. शिवाय दुसरी प्रणाली टाकून, तिच्या सहीची किल्ली फोनला देऊन, बूटलोडर पुन्हा बंदही करता येतो. ‘ग्रॅफीनओएस’ ही सुरक्षिततेवर भर देणारी प्रणाली नेमकं हेच करते. सह्यांची साखळी शाबूत, फक्त सही कोणाची हे मालकाने ठरवलं. असं यंत्र बाजारात आहे, लाखभर अटींशिवाय चालतं. मग ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे म्हणणं कशाच्या जोरावर?

चोरट्या अ‍ॅपचं म्हणाल तर ती होती, जेलब्रेकच्या जोरावर फुकट्यांची दुकानंही चालली. छोट्या प्रोग्रॅमरांचं त्यात नुकसान झालं आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण चोरी हा गुन्हा आहेच, तो कुलपाच्या कायद्याविनाही गुन्हा होता. चोरीच्या संशयावरून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातातून किल्ली काढून घेणं याला न्याय म्हणत नाहीत.

शिवाय एकदा कुलूप बसवलं की ते सिनेमापुरतं थोडंच राहतं? सोनीच्या एक्स्पीरिया फोनांचं उदाहरण घ्या. त्यांतल्या काही मॉडेलांचा बूटलोडर उघडला की डीआरएमच्या किल्ल्या पुसल्या जात, आणि त्यासोबत अंधुक उजेडात फोटो स्वच्छ करणारी कॅमेऱ्याची प्रक्रियाही जाई. कंपनी तसा इशाराही देत असे. आपल्याच लेकराचा आपण काढलेला फोटो, त्यात कोणत्या निर्मात्याचे हक्क आले? जॉन डिअर कंपनीने २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे मांडलं की ट्रॅक्टरमधला सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या मालकीचा होत नाही, त्याला फक्त वाहनाच्या आयुष्यभर तो वापरायचा परवाना मिळतो. पुढे फोनच्या सुट्या भागांना सह्या आल्या: अस्सल पडदा काढून दुसरा अस्सल पडदा बसवला तरी फोन तक्रार करू लागला, कारण जोडी कंपनीने जुळवलेली नव्हती. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२४ मध्ये या जोडीच्या अटीवर कायद्याने बंदी घातली.

पुस्तकांचं तर मला फार लागतं. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही ई-पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे कारण होतं, पैसेही परत केले आणि नंतर जेफ बेझोस यांनी माफी मागितली. पण एका विद्यार्थ्याची त्या पुस्तकावरची टिपणं निरुपयोगी झाली ती झालीच. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली सगळी पुस्तकं वाचकांच्या हातातून गेली. कपाटातल्या पुस्तकाचं असं कधी होतं का?

आणि जिथे एकच सही चालते तिथे सत्तेला एकाच माणसाचा हात पिरगाळावा लागतो. २०१७ मध्ये चीनमधल्या अ‍ॅप स्टोअरवरून इंटरनेटवरची सरकारी बंदी चुकवू देणारे व्हीपीएन अ‍ॅप गेले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये रशियात ऐन निवडणुकीत विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या गटाचं मतदान अ‍ॅप अ‍ॅपल आणि गूगल दोघांनीही काढलं. अँड्रॉइडवाल्यांना निदान बाहेरून अ‍ॅप बसवायची वाट होती. आयफोनवाल्यांसाठी जेलब्रेक हीच एक उरलेली खिडकी, आणि ती आपण गुन्हेगारांची म्हणून बदनाम केली.

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसरी अ‍ॅप-दुकानं येऊ शकतात. पाऊल चांगलं आहे, पण त्या दुकानांतल्या अ‍ॅपलाही अ‍ॅपलची मान्यता लागतेच. दुकानं वाढली, सही एकाचीच. मला हवं आहे ते साधं आहे. विकताना प्रत्येक फोनला डेटा पुसून उघडता येणारा आणि मालकाच्या सहीने पुन्हा बंद होणारा बूटलोडर असावा. कुलूप तोडण्याचा गुन्हा चोरीच्या हेतूशी बांधावा, आणि जी कृती कायदेशीर आहे तिचं अवजार देणंही कायदेशीर असावं. उघडलेल्या यंत्रावर पैसे भरून घेतलेला सिनेमा धुरकट दाखवायचा असेल, तर वर्गणी घेण्याआधी तसं ठळक अक्षरांत सांगावं. आणि कंपनीने अपडेट बंद केले की त्याच दिवशी किल्ली मालकाला द्यावी. तिला आता त्या यंत्राचं काही करायचं नाही, मग कुलूप कोणासाठी?

बाबांच्या टॅबलेटच्या कंपनीने कोड दिला म्हणून तो आज चालतो आहे. दादाचा फोन त्याच वर्षीचा, दुसऱ्या कंपनीचा. तिने मध्येच धोरण बदलून कोड द्यायचं बंद केलं. फोन ठणठणीत आहे, सुरक्षिततेचे अपडेट नाहीत, बूटलोडर उघडत नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. बॅटरी मरू नये म्हणून मी महिन्यातून एकदा त्याला चार्ज करते, आणि त्या मॉडेलमध्ये कोणाला एखादी त्रुटी सापडली का ते शोधून बघते.